उठाव पाच

तपासणीच्या साहेबांनी हँडलाला मोजायची टेप लावलीसुद्धा नाही. मोटरसायकलभोवती एक चक्कर मारली, वाकून इंजिनावरचा क्रमांक वाचला, सरळ झाले आणि अर्जाच्या शेवटच्या रकान्यात लिहिलं: हँडल मूळचे नाही.

"मापाप्रमाणे आहे, साहेब," ताई म्हणाली.

"कुणाच्या मापाप्रमाणे?"

"वडिलांच्या. गाडी घेतली तेव्हाच त्यांनी एकेका भागाचं माप वहीत उतरवून ठेवलंय."

"मग कुठे चुकलं ते त्यांनाच विचारा."

"त्यांना बोलता येत नाही. अकरा महिने झाले."

साहेबांचं पेन थांबलं, पण लिहिलेलं त्यांनी खोडलं नाही. "आमच्याकडे या गाडीचं कारखान्यातलं चित्र आहे," ते आवाज उतरवून म्हणाले. "पण ते अर्जदाराला दाखवायचं नाही, असा नियम आहे. दाखवलं की लोक चित्रासारखं बनवून आणतात. हे हँडल ते नव्हे, एवढंच सांगतो. मागच्या वेळचंही नव्हतं. गुरुवारी अकराला शेवटची तपासणी."

शेवटची म्हणजे शेवटचीच. जुन्या गाड्यांच्या नव्या नियमात गाडी मूळ रूपात असल्याचा दाखला मिळाला तर नोंदणी कायम राहणार होती. नाही मिळाला तर नोंदणी रद्द आणि तीस दिवसांत गाडी मोडीत. घरात शोभेला ठेवू म्हणायचीही सोय नव्हती.

तो दिवस सोमवार होता.

ताई पाण्याचे पंप बनवणाऱ्या कारखान्यात लेथवर काम करायची. तिथे तिला मागून 'सूतभर' म्हणत. तयार झालेला नग हातात घेऊन ती पहिलं वाक्य बोलायची ते "सूतभर फरक आहे" हेच. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, पण ताईच्या तोंडी ते कुठल्याही चुकीचं नाव होतं. गाडीवरचं जुनं हँडल गंजून मोडल्यापासून आठ महिन्यांत तिने तीन हँडलं आणली होती आणि तिन्ही चुकीची निघाली होती. कारखान्यात हे कळू नये एवढीच तिची इच्छा होती.

घरी मोटरसायकल बाहेरच्या खोलीत, खिडकीपाशी उभी असायची. सोफा त्यापायी केव्हाच आतल्या खोलीत गेला होता. आईने सुरुवातीला कुरकुर केली, मग गाडीच्या मागच्या सीटवर धुतलेले कपडे घड्या करून ठेवायला लागली. कुरकुर थांबायला कारण होतं. पक्षाघाताच्या झटक्याने बाबांची वाचा गेली, लिहिणं गेलं आणि उजवा हात खांद्यापासून लाकडासारखा झाला. व्यायामासाठी दिलेला रबरी चेंडू त्यांनी दोनदा खिडकीबाहेर फेकला. पण चाकाची खुर्ची गाडीला लावून त्यांचा उजवा हात हँडलाच्या मुठीवर नेऊन ठेवला, की ते तास तास तसेच बसत. गेल्या महिन्यात त्या हाताची दोन बोटं मुठीभोवती आवळली. आईने ती स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली आणि स्वयंपाकघरात जाऊन रडली.

गाडी गेली तर त्या दोन बोटांचं काय होणार, हे घरात कुणी बोलून दाखवत नव्हतं.

ताईने गाडी आत घेतली. बाबांनी आधी तिच्या तोंडाकडे पाहिलं, मग हँडलाकडे. डावा हात उचलला, तळहात जमिनीकडे केला आणि हवेत काहीतरी दाबावं तसा खाली नेला. पुन्हा वर. पुन्हा खाली.

"दमलात ना?" आई लगबगीने पुढे आली. "चला, आडवं व्हा जरा."

बाबांनी खुर्चीच्या हातावर थाप मारली. दोघींनी त्यांना धरून पलंगावर निजवलं. ते छताकडे बघत पडून राहिले, जबडा घट्ट आवळून.

"हल्ली रोजचंच झालंय हे," आई म्हणाली. "स्वतःच खूण करतात, आडवं करा म्हणून. आणि केलं की चिडतात."

ताईने वही उघडली. निळ्या शाईतलं ते पान तिला पाठ होतं. हँडल: रुंदी २६, उठाव ५, नळी ७. रुंदी सव्वीस इंच, हे उघड होतं. नळीची जाडी सात सूत, त्यातही शंका नव्हती, सात इंच जाडीची नळी बोअरवेलला लागते. उठाव म्हणजे मधल्या पकडीपासून मुठी किती वर येतात ते अंतर. पाच इंच. शिवाय वहीला साक्षीदार होता. ताई चार-पाच वर्षांची असताना टाकीवर बसायची, तेव्हा दोन्ही बाजूंनी शिंगांसारखं वर आलेलं हँडल तिला लख्ख आठवत होतं. वही आणि आठवण एकच सांगत होत्या, मग साहेबांचं चित्र वेगळं काय सांगत होतं?

मंगळवारी तिने रजा टाकली आणि आधी भंगारवाल्याकडे गेली. तिन्ही हँडलं त्याच्याकडचीच होती.

"परत आलात?" त्याने वजनकाट्यावरून पाय खाली घेतले. "ताई, तुम्ही बाकीची गाडी बदला. हँडल चांगलं आहे."

"थट्टा नको. या गाडीचं मूळ हँडल कुणी पाहिलंय का, एवढं सांगा."

तो डोकं खाजवत म्हणाला, "अशा गाड्या या भागात दोघांनीच हाताळल्या. एक तुमचे वडील. दुसरे काडीकाका."

काडीकाका म्हणजे बाबांचे गॅरेजमधले भागीदार. अंगाने काडी, म्हणून काडीकाका. बावीस वर्षांपूर्वी एका इंजिनाच्या मापावरून दोघांत सूतभर फरकाचा वाद झाला. कुणाचं माप बरोबर यावर गिऱ्हाइकांसमोर आवाज चढले आणि संध्याकाळपर्यंत गॅरेजच्या मधोमध पत्र्याची भिंत उभी राहिली. त्यानंतर ते नाव घरात घेतलं गेलं नव्हतं.

"जाऊ नका म्हणत नाही मी," भंगारवाला म्हणाला. "फक्त दारात उभं राहून बोला. पळायला बरं पडतं."

काडीकाकांचं घर दोन खोल्यांचं होतं. दार त्यांनीच उघडलं. होते त्याहून बारीक झाले होते, पण नजर तशीच. तोंडावर आधी, हातांवर नंतर.

"कोण?"

"तुमच्या भागीदारांची मुलगी."

"त्याने पाठवलंय?"

"नाही."

"मग ये. त्याने पाठवलं असतं, तर उंबऱ्यावरूनच परत लावली असती."

आत पलंगावर काकू बसल्या होत्या. दोन्ही गुडघे फडक्यांनी बांधलेले. ताईने पाणी नको म्हणायच्या आत वही उघडली. गुरुवारचं सांगितलं, साहेबांचं सांगितलं आणि वाचून दाखवलं, "रुंदी सव्वीस, उठाव पाच, नळी सात."

"बरोबर आहे की."

"मी तसंच आणलं. सव्वीस इंच रुंद, पाच इंच उठाव..."

"किती?" काका पुढे झुकले. "पाच काय?"

"इंच."

काका हसले नाहीत. त्याचीच ताईला भीती वाटली. "नळी सात म्हणजे किती गं?"

"सात सूत."

"मग नळी सुतात आणि उठाव इंचात का? फुटाच्या वर जाईल ते इंचात, मुठीत मावेल ते सुतात. आमच्या गॅरेजचा कायदा होता तो. इंच की सूत हे वहीत लिहीत बसायला आम्ही काय कारकून होतो? उठाव पाच सूत. हे एवढं." त्यांनी अंगठा आणि तर्जनी यांच्यात जेमतेम एका बोटाची फट धरली. "सपाट हँडल. तुझा बाप त्यावर पालथा पडून गाडी हाणायचा."

ताईने वहीतला तो आकडा पुन्हा पाहिला. आयुष्यभर दुसऱ्यांच्या सुतावर बोट ठेवणारी ती, पाच सुतांचे पाच इंच करून आठ महिने फिरत होती.

"पण मला आठवतंय, काका. उंच होतं. मी टाकीवर बसायचे तेव्हा..."

"तुला आठवतं ते दुसरं. तू टाकीवर बसायचा हट्ट धरायचीस. सपाट हँडल वळलं की लिव्हर तुझ्या गुडघ्यावर यायची. एकदा चांगलं रक्त आलं. त्याच दुपारी तुझ्या बापाने ते उतरवलं आणि उंच चढवलं. उतरवलेलं माझ्या हातात दिलं. म्हणाला, पोर मोठी होईस्तोवर सांभाळ, मग परत बसवू."

ताईचा हात नकळत उजव्या गुडघ्याकडे गेला. तिथला पांढरा व्रण कशाचा, हे तिने कधी विचारलंच नव्हतं.

"ते कुठे आहे?"

उत्तर काकूंनी दिलं, तेही न बोलता. त्यांना चहा टाकायला उठायचं होतं. त्यांनी पलंगालगतच्या भिंतीकडे हात नेला, भिंतीवरच्या आडव्या नळीला धरलं आणि कण्हत उभ्या राहिल्या. नळीचा मुलामा हाताच्या घामाने मंद झाला होता. दोन्ही टोकांना ती मागे वळलेली. मधून टोकांपर्यंत उठाव एका बोटाएवढा.

ताईने विचारल्याशिवाय खिशातून जाडी मोजायचा कॅलिपर काढला. नळी सात सूत. टेप लावली. सव्वीस इंच. पट्टी आडवी धरून उठाव मोजला. पाच.

"द्या मला हे," ती म्हणाली.

"नाही."

"काका, परवा अकरा वाजता..."

"त्याची वस्तू आहे. त्याने यावं, माझं हँडल दे म्हणावं. मी आत्ता काढून देतो. बावीस वर्षं मी वाट बघतोय त्याने तोंड उघडण्याची."

"ते नाही उघडू शकत."

"एवढा ताठा?"

"ताठा नाही. वाचा गेली त्यांची. उजवा हातही गेलाय."

काकूंच्या हातातलं पातेलं ओट्यावर टेकलं. काका पलंगाच्या कडेला बसले.

"तो बोलत नाही म्हणून मी बोलत नाही, असं म्हणायचात ना?" काकू पाठमोऱ्याच म्हणाल्या. "घ्या आता."

"तू गप्प बस." काकांचा आवाज चिरकला. मग ताईकडे न बघता ते म्हणाले, "दिलं तर ही उठणार कशाला धरून? मला उचलवत नाही तिला. एकदा पडली तर संपलं."

हे मात्र खरं होतं. ताईने भिंत नीट पाहिली. नळी दोन लाकडी ठोकळ्यांच्या पकडीत बसवली होती. ठोकळे भिंतीत पक्के, नळी त्यांच्यात नुसती आवळलेली. मोटरसायकलवर बसवतात अगदी तशी.

"नळीला भोकं पाडून स्क्रू मारले असते, तर दहा मिनिटांचं काम होतं," ती म्हणाली. "हे ठोकळे कोरायला दोन दिवस लागले असतील."

"तीन," काका म्हणाले. "दुसऱ्याच्या वस्तूला भोक पाडतात का?"

ताई उठली. "उद्या दुपारी येते. यापेक्षा चांगला आधार लावून देते. काकू तीनदा उठल्या-बसल्या आणि तुम्ही हो म्हणालात, तरच हे काढू."

बुधवारी कारखान्यात तिने स्वतःच्या जेवणाच्या सुट्टीत जाड पाइप वाकवला, दोन्ही टोकांना पत्र्याच्या चकत्या वेल्ड केल्या, कडा घासून गुळगुळीत केल्या. शेजारच्या लेथवरचा म्हणाला, "सूतभर फरक आहे बघ." तिने मान वर केली नाही.

दुपारी तीनला आधार भिंतीवर होता. काकू एकदा उठल्या, दोनदा उठल्या. तिसऱ्यांदा उठून म्हणाल्या, "हेच बरं आहे. ते मेलं थंडीत बर्फासारखं लागायचं." काकांनी ठोकळे स्वतःच्या हाताने सैल केले, हँडल काढलं, सदऱ्याच्या बाहीने पुसलं आणि ताईच्या हातात दिलं. घरी येतो म्हणाले नाहीत, येत नाही असंही म्हणाले नाहीत.

घरी आल्यावर दुसरंच संकट उभं राहिलं. उंच हँडलासाठी ओढलेल्या केबली आता हातभर लांब झाल्या होत्या. वेडावाकड्या लोंबणाऱ्या केबलीने क्लच नीट सुटत नाही, ब्रेक उशिरा लागतो. एकेक सोडून, कापून, टोकाला शिशाचा मणी ओतून पुन्हा बसवण्यात संध्याकाळ गेली. बाबा पलंगावर झोपले होते.

गुरुवारी सकाळी साडेआठला तिने हँडल पूर्ण डावीकडे वळवलं आणि ठण्‌ असा आवाज झाला. क्लचची लिव्हर टाकीवर आपटली होती. उजवीकडे वळवलं, ब्रेकची लिव्हर आपटली. साहेब पहिली गोष्ट करणार ती हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवून बघण्याची. वळताना लिव्हर अडकणारी गाडी रस्त्यावर नेणं धोक्याचं. मूळ रूप गेलं चुलीत, सुरक्षिततेतच नापास.

तिने लिव्हर खाली फिरवून पाहिल्या. बोटं पोचेनात. वर फिरवल्या, पुन्हा ठण्‌. टाकीवर नखाएवढा पोचा पडला. पावणेनऊ.

दारात कुणीतरी खाकरलं. काडीकाका चपला काढून उभे होते.

आईच्या तोंडून "अगंबाई" एवढंच निघालं. ती बाबांची खुर्ची ढकलत बाहेर आणत होती. खुर्ची मधेच थांबली. दोन म्हाताऱ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. एकाला बोलता येत नव्हतं आणि दुसऱ्याला सुचत नव्हतं.

मग बाबांची नजर हँडलावर गेली आणि तिथेच खिळली. ते सपाट, मंद चकाकीचं हँडल त्यांनी या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिलं. डावा हात वर आला. अंगठा आणि तर्जनी यांच्यात बारीकशी फट धरून त्यांनी ती काडीकाकांच्या दिशेने नाचवली.

"बघा," काका म्हणाले. त्यांचे डोळे भरले होते, पण आवाजात जुनी खोच होती. "बावीस वर्षांनी भेटलो, तरी हेच. सूतभर चुकलं म्हणे माझं. अरे, तुझंच चुकलं होतं."

"काका, भांडण नंतर," ताई म्हणाली. "लिव्हर टाकीला लागतेय. तुमच्या वेळी कशी लागत नव्हती?"

"आठवत नाही गं. बसवणारा तो. मी नुसतं सांभाळलं."

नऊला पाच कमी. बाबांनी डावा तळहात जमिनीकडे केला.

"आडवं व्हायचंय?" आई खुर्चीकडे वळली.

"थांब, आई."

ताई गुडघ्यांवर बसली, त्यांच्या हाताच्या पातळीवर डोळे आणून. अकरा महिन्यांत हा हात तिने पाहिला होता, पण वाचला नव्हता. तळहात खाली. खाली म्हणजे सपाट. उंच हँडल आणलं तेव्हापासून ते हेच सांगत होते: खाली, खाली. आणि दोघी मिळून त्यांना पलंगावर नेऊन टाकत होत्या.

"सपाट," ती म्हणाली. "कळलं, बाबा. उशिरा कळलं. पुढे?"

बाबांच्या घशातून एक घरघर निघाली. तळहात हवेत तसाच राहिला. मग मनगट किंचित वर उचललं गेलं आणि बोटं पुढे झुकली. अगदी थोडी. त्यांनी ते पुन्हा करून दाखवलं, या वेळी डोळे वटारून.

ताईने पाना उचलला. मधली पकड अर्धा आटा सैल केली. हँडल जागच्या जागी पुढे लोळवलं, इतकं कमी की काकांना दिसलंही नाही. मागे वळलेल्या मुठी केसाकेसाने वर आल्या. तिने पकड आवळली आणि हँडल डावीकडे वळवलं.

आवाज आला नाही.

उजवीकडे वळवलं. नाही. वाकून पाहिलं, तर लिव्हर आणि टाकी यांच्यात फट होती. तिने पट्टी घातली नाही. किती आहे ते तिला माहीत होतं.

अकराला तीन मिनिटं असताना तिने गाडी तपासणीच्या आवारात उभी केली. साहेबांनी आज चक्कर मारली नाही. सरळ पुढे येऊन हँडलासमोर उभे राहिले आणि हातातली पुठ्ठ्याची फाइल स्वतःच्या छातीशी धरून आत डोकावले. मग टेप. मग जाडी मोजायचा कॅलिपर. मग लांब पट्टी आडवी धरून उठाव.

"पाच अष्टमांश इंच," साहेब स्वतःशी पुटपुटले.

"पाच सूत," ताई म्हणाली.

त्यांनी हँडल पूर्ण डावीकडे वळवलं, वाकले, खिशातून व्हिजिटिंग कार्ड काढून लिव्हर आणि टाकीच्या मधे सरकवलं. कार्ड अडलं. साहेबांनी ते जरा तिरकं धरलं आणि ते सहज पलीकडे निघालं. उजवीकडे पहिल्याच झटक्यात.

"मुलामा झिजलाय," ते म्हणाले.

"तीस वर्षं हाताळलंय ते."

"झिजलाय म्हणूनच विचारत नाही, कुठून बनवून आणलं ते." त्यांनी शेवटच्या रकान्यात दोन शब्द लिहिले आणि शिक्का मारला.

घरी काडीकाका अजून बसलेले होते. दाखला आईने मोठ्याने वाचला. मग पुन्हा वाचला. ताईने गाडी खिडकीपाशी लावली, खुर्ची तिला भिडवली आणि बाबांचा उजवा हात मुठीवर ठेवला. मूठ आता बरीच खाली होती, त्यामुळे हात लोंबकळत राहिला नाही, टेकला. बराच वेळ काहीच झालं नाही. काका कसल्यातरी जुन्या गिऱ्हाइकाची गोष्ट एकटेच दोघांच्या वतीने सांगत होते. गोष्टीच्या मधेच ती दोन बोटं आवळली. काकांनी ते पाहिलं आणि गोष्ट तशीच पुढे चालू ठेवली.

थोड्या वेळाने बाबांनी डावा तळहात जमिनीकडे केला आणि खाली नेला.

ताई ताडकन उठली. हँडल डावीकडे वळवून पाहिलं, उजवीकडे वळवून पाहिलं. पकडीवर पाना लावला, केबली चाचपल्या, खाली वाकून फट पाहिली. "काय चुकलं, बाबा? अजून खाली घ्यायचं?"

तळहात पुन्हा खाली गेला.

"अगं, बाजूला हो," आई म्हणाली. "सकाळपासून बसलेत ते. आडवं व्हायचंय त्यांना."